सबवूफर बदलण्याआधी खोली मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीच्या खरेदीनिमित्त घरगुती होम थिएटरविषयी प्रसिद्ध झालेला लेख आस्थेने वाचला. टीव्हीचा आकार, बसण्याचे अंतर आणि स्पीकरची मांडणी यांविषयी त्यात दिलेली माहिती उपयुक्त आहे. सबवूफरच्या, म्हणजे अगदी खालचे स्वर (बास) वाजवणाऱ्या स्पीकरच्या पेटीच्या, वाट्याला मात्र जेमतेम चार ओळी आल्या असून त्यांचा आशय असा, की लहान खोलीला आठ इंची, मध्यम खोलीला दहा इंची आणि 'दणदणीत बास' हवा असल्यास बारा इंची सबवूफर घ्यावा. तंत्रनिकेतनात मापनोपकरणे हा विषय अनेक वर्षे शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसाला या चार ओळी स्वस्थ बसू देईनात, कारण याच सल्ल्यापायी मी स्वतः बारा इंची पेटी घेण्याच्या अगदी बेतात आलो होतो आणि ती घेतली असती, तर माझ्या घरातील बास पूर्वीइतकाच वाईट, फक्त अधिक मोठा झाला असता.

दोन वर्षांपूर्वी मुलीने आणि जावयांनी आम्हाला ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर असलेला, संच भेट दिला. दुकानातून जोडणीसाठी आलेल्या तरुणाने टीव्हीच्या कपाटाशेजारचा कोपरा निवडला, कारण विजेचे सॉकेट तिथे होते. सबवूफरच्या मागची दोन्ही बटणे त्याने शेवटपर्यंत फिरवली, एका हाणामारीच्या प्रसंगाने शोकेसमधील काचेचे पेले किणकिणवून दाखवले आणि 'काका, बास एकदम कडक आहे' असे सांगून तो निघून गेला. रिसीव्हरसोबत, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या मुख्य यंत्रासोबत, आलेला मोजणीचा छोटा माइक खोक्यातच राहिला होता, तो मला पुढे कित्येक दिवसांनी सापडला. आठवडाभर ऐकल्यावर लक्षात आले, की स्फोट असो, ढोल असो वा ट्रकचे इंजिन, सगळ्यांतून एकच 'घूं' ऐकू येतो आणि तो थांबायला हवा तेव्हा थांबत नाही. खालच्या मजल्यावरील आजींनी तर जिन्यात गाठून विचारले, 'रात्रीचं जातं कोण ओढतं हो तुमच्याकडे?' दुसऱ्या एका दुकानात ही तक्रार सांगितली, तेव्हा दहा इंची पेटी काढून बारा इंची बसवण्याचा सल्ला मिळाला. पैसे मोजण्याआधी मी टेप घेऊन दिवाणखाना मोजला, हे माझे नशीब.

आमचा दिवाणखाना १४ फूट लांब, ११ फूट रुंद आणि ९ फूट उंच आहे. शहरांतील असंख्य सदनिकांचे माप याच्या आसपासच असते, म्हणून हा हिशेब इथे मांडतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४६ मीटर असतो. त्याला समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागले, की त्या भिंतींमध्ये अडकून घुमणारी सर्वांत खालची वारंवारता मिळते. चौदा फुटांसाठी ती सुमारे ४० हर्ट्झ (सेकंदाला ४० कंपने), अकरा फुटांसाठी सुमारे ५२ हर्ट्झ आणि छतापर्यंतच्या नऊ फुटांसाठी सुमारे ६३ हर्ट्झ येते. सबवूफरचे काम ज्या २० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यात चालते, त्याच्या ऐन मध्यावर हे तिन्ही अनुनाद, म्हणजे खोलीत घुमणारे स्वर, ठाण मांडून बसलेले आहेत. २० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी १७ मीटर भरते, म्हणजे ती आमच्या अख्ख्या घरात मावत नाही. इतक्या लांब लाटा भिंतींवरून परतून एकमेकींवर चढतात आणि खोलीत स्थिर तरंग तयार होतात. परिणामी एका जागी त्याच स्वराचा डोंगर होतो आणि चार फुटांवर त्याचाच खड्डा पडतो. पेटी कितीही महागडी असली, तरी या भूगोलात तिचे काही चालत नाही.

आपल्याकडे हा प्रकार अधिक तीव्र असण्याला एक कारण आहे आणि त्याचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. होम थिएटरविषयीचे बहुतेक मार्गदर्शन अमेरिकेतून येते. तिथल्या घरांच्या आतील भिंती बहुधा लाकडी चौकटीवर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात. खालच्या स्वरांचा दाब आला, की असा तक्ता किंचित लवतो आणि थोडी ऊर्जा गिळतो. आपली विटांची, प्लास्टर केलेली भिंत, वर आरसीसीचा स्लॅब आणि खाली फरशी यांतले काहीच लवत नाही, त्यामुळे जवळपास सगळी ऊर्जा खोलीत परत फेकली जाते, डोंगर अधिक उंच होतात आणि घुमणे अधिक वेळ टिकते. आमच्या 'घूं'चे मूळ इथे होते. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, म्हणजे आमच्या दिवाणखान्याच्या लांबीच्या अनुनादाला अगदी खेटून! चौरस खोली असेल, तर परिस्थिती याहून वाईट, कारण १० बाय १० च्या बेडरूममध्ये लांबीचा आणि रुंदीचा अनुनाद एकाच, ५७ हर्ट्झच्या, स्वरावर येऊन बसतो आणि तिथे होम थिएटर मांडणाऱ्याने ही गोष्ट आधीच गृहीत धरलेली बरी.

हिशेब कागदावर जुळला, तरी मोजल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवणे माझ्या पेशाला शोभले नसते. सुरुवातीला मी मोबाइलमधील आवाज मोजणारे ॲप वापरले आणि फसलो. एक तर बहुतेक मोबाइलचे माइक बोलण्यासाठी असतात, अगदी खालचे स्वर ते नीट पकडत नाहीत. शिवाय अशी ॲप बहुधा 'ए' भारांकनावर, म्हणजे वेगवेगळ्या स्वरांना कमी-अधिक वजन देऊन मोजण्याच्या एका पद्धतीवर, लावलेली असतात. हे भारांकन मंद आवाजाला कानाची जशी संवेदनशीलता असते, त्याला अनुसरून ठरवलेले असल्याने ४० हर्ट्झच्या आवाजातून ते जवळजवळ ३५ डेसिबल वजा करते. सबवूफर मोजायचा, तर निदान 'सी' भारांकन हवे, ज्यात ३१.५ हर्ट्झलाही वजावट केवळ ३ डेसिबलची असते. अखेर मी संगणकाच्या यूएसबीला जोडता येणारा, सोबत स्वतःच्या अंशांकनाची (त्या माइकच्या चुका दुरुस्त करणारी) फाइल मिळणारा मोजणीचा माइक मागवला आणि 'रूम ईक्यू विझार्ड' ही विनामूल्य मिळणारी प्रणाली लॅपटॉपवर घेतली. ही प्रणाली खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा एक स्वर वाजवते आणि प्रत्येक वारंवारतेला खोलीने काय केले, त्याचा आलेख काढून देते. माइक हातात धरू नये, सोफ्याच्या पाठीला टेकवू नये, तर स्टँडवर, कानाच्या उंचीवर ठेवावा. पंखे बंद करावेत, कारण छताच्या पंख्याची घरघर नेमकी याच पट्ट्यात मोजणी बिघडवते. ऐन मे महिन्यात बंद पंख्याखाली केलेल्या या प्रयोगाबद्दल घरातून जे ऐकावे लागले, ते इथे देत नाही.

आलेखाने हिशेबाला दुजोरा दिला. मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर ४० हर्ट्झला आजूबाजूच्या पातळीहून १३ डेसिबल उंच सुळका होता. तेरा डेसिबल म्हणजे वीसपट शक्ती, हे लक्षात घेतले, तर आजींना जाते का ऐकू येत होते ते उमगते. सोफ्याच्या मधल्या जागी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या बरोबर मध्यावर, ५२ हर्ट्झच्या आसपास १२ डेसिबलचा खड्डा होता आणि कडेच्या जागी तो जवळपास नव्हता. बास अंगावर येतो अशी पत्नीची तक्रार आणि ढोलात दम नाही अशी माझी, या दोन्ही तक्रारी एकाच सोफ्यावरून का येत होत्या, त्याचा उलगडा त्या रात्री झाला.

यानंतरची पायरी फुकट आहे आणि माझ्या मते सर्वांत मोलाची आहे. सबवूफर उचलून आपल्या नेहमीच्या बसण्याच्या जागी, शक्यतो कानाच्या उंचीजवळ, ठेवायचा, खालच्या स्वरांचा एखादा सलग तुकडा वाजवत ठेवायचा आणि आपण गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या कडेने खोलीभर फिरायचे. ज्या जागी सगळे स्वर सारख्या वजनाने, एकही न घुमता ऐकू येतील, ती सबवूफरची जागा. ही अंधश्रद्धा नाही. आवाजाचा उगम आणि ऐकणारा यांची अदलाबदल केली, तरी दोघांमधील खोलीचा परिणाम तोच राहतो, हे ध्वनिशास्त्रातील व्युत्क्रमतेचे तत्त्व एकोणिसाव्या शतकातच मांडले गेले आहे. सत्तरीला टेकलेला माणूस रांगताना पाहून नातवाने त्याचा व्हिडिओ काढला, तेवढाच या पायरीचा खर्च. आमच्या खोलीत ही जागा लांब भिंतीला लागून, जुन्या कोपऱ्यापासून पाच फुटांवर, खिडकीखाली सापडली. खोलीच्या लांबीच्या मध्याजवळ गेलेली पेटी लांबीच्या अनुनादाला फारसे डिवचत नाही, त्यामुळे ४० हर्ट्झचा सुळका १३ वरून ६ डेसिबलवर आला. सात डेसिबलची ही सुधारणा एका लांब केबलीच्या किमतीत झाली. कोपऱ्यात पेटी ठेवण्याचा आग्रह दुकानदार धरतात तो अगदीच निराधार नाही, कारण तिथे आवाज सर्वांत मोठा येतो. मात्र कोपरा खोलीचे सगळेच अनुनाद एकाच वेळी जागे करतो, त्यामुळे तो मोठेपणा ठरावीक स्वरांचाच असतो.

रिसीव्हरच्या सेटिंगविषयी थोडक्यात सांगतो. सगळे स्पीकर, ते दिसायला कितीही भारदस्त असोत, 'स्मॉल' ठेवावेत, म्हणजे त्यांचे खालचे स्वर सबवूफरकडे जातात, आणि क्रॉसओव्हर, म्हणजे स्पीकर आणि सबवूफर यांच्यातील स्वरांच्या वाटणीची सीमा, ८० हर्ट्झपासून सुरू करावा. अगदी छोटे सॅटेलाइट स्पीकर असतील, तर तो १०० किंवा १२० वर न्यावा. सबवूफरच्या मागे क्रॉसओव्हरचे वेगळे बटण असते, ते शेवटच्या आकड्यावर किंवा 'एलएफई'वर (खालच्या स्वरांच्या स्वतंत्र वाहिनीच्या खुणेवर) ठेवावे, नाहीतर एकाच कामासाठी दोन गाळण्या एकामागोमाग लागतात आणि ८० च्या आसपासचे स्वर नाहीसे होतात. आवाजाचे बटण मात्र शेवटपर्यंत न नेता निम्म्याच्या आसपास ठेवावे. मोजणी झाल्यावर रिसीव्हर सबवूफरचे अंतर प्रत्यक्षाहून अधिक दाखवतो, तेव्हा अनेकजण तो आकडा टेपने मोजून 'दुरुस्त' करतात. तसे करू नये. सबवूफरमधील इलेक्ट्रॉनिक्समुळे आवाज काही मिलिसेकंद उशिरा निघतो आणि एका मिलिसेकंदाला सुमारे ३५ सेंटिमीटर या दराने रिसीव्हर तो उशीर अंतरात मिळवतो. आमची पेटी नऊ फुटांवर आहे, रिसीव्हर तेरा फूट म्हणतो आणि रिसीव्हर बरोबर आहे. शंका असेल, तर ८० हर्ट्झचा स्वर पुढच्या स्पीकर आणि सबवूफरमधून एकत्र वाजवावा आणि फेजचे, म्हणजे लाट उलटी करणारे, बटण ० व १८० अंशांवर करून पाहावे. ज्या बाजूला आवाज भरीव वाटतो, ती खरी.

आता इक्वलायझर, म्हणजे ठरावीक स्वर कमी-जास्त करण्याची सोय. ऑडिसी, डिरॅक किंवा यामाहाची वायपाओ यांसारख्या स्वयंचलित पद्धती बऱ्याच रिसीव्हरमध्ये असतात आणि त्या आवर्जून वापराव्यात, पण जागा निश्चित झाल्यावर. वाईट कोपऱ्यात बसलेल्या सबवूफरला या पद्धतींच्या हवाली करणे म्हणजे तंबोऱ्याची घोडी सरकलेली असताना खुंट्या पिळत बसण्यासारखे आहे. या पद्धती बहुधा अनेक ठिकाणी मोजणी करून सुवर्णमध्य काढतात, म्हणून माइक एकाच आसनावर न ठेवता जिथे जिथे डोकी असतील त्या परिसरात फिरवावा. स्वतःच्या हाताने इक्वलायझर लावणाऱ्यांनी एकच पथ्य पाळावे: सुळके छाटावेत, खड्डे भरू नयेत. ५२ हर्ट्झचा तो १२ डेसिबलचा खड्डा भरून काढायचा, तर ॲम्प्लिफायरला त्या स्वरासाठी सोळापट शक्ती ओतावी लागते आणि खड्डा लाटा एकमेकींना खोडून काढत असल्यामुळे पडलेला असल्याने थेट येणाऱ्या लाटेसोबत खोडणारी लाटही तितकीच मोठी होते. फुटक्या माठात पाणी ओतण्याचा हा उद्योग आहे, त्यात माठ भरत नाही आणि ओल मात्र शेजाऱ्याकडे पोचते. ज्या पेटीला हवेसाठी भोक असते, तिच्यात त्या भोकाच्या ठरलेल्या वारंवारतेखाली उठाव दिला, तर स्पीकरच्या कोनावरचा (हलणाऱ्या पडद्यावरचा) ताबा सुटून तो निकामीही होऊ शकतो.

सुळका छाटण्यात मात्र दुहेरी लाभ आहे. ४० हर्ट्झला नेमका तितक्याच अरुंद पट्ट्यात ५ डेसिबलचा उतार दिला, तेव्हा आलेख सपाट झाला एवढेच नव्हे, तर तो स्वर घुमत राहण्याचा काळही आमच्या बसण्याच्या जागी स्पष्टपणे कमी झाला. खोलीचा एकेकटा, ठळक अनुनाद हा गणिती दृष्ट्या असा असतो, की त्याच्या बरोबर उलटी आकृती त्याची उंची आणि रेंगाळणे दोन्ही आवरते. वारंवारता दोन-तीन हर्ट्झने चुकली किंवा पट्टा फार रुंद धरला, तर हा लाभ मिळत नाही. म्हणून मोजणीचा आलेख गुळगुळीत करून पाहू नये, तो जसा आहे तसा, काट्याकुट्यांसह पाहावा.

यानंतर पातळी जुळवणे. रिसीव्हरचा चाचणीचा आवाज प्रत्येक स्पीकरमधून 'सी' भारांकनावर ७५ डेसिबल यावा, असा घरगुती प्रघात आहे. तो पाळल्यावर अनेकांना बास कमी वाटतो आणि ते लगेच बटणाकडे धावतात. यात त्यांचा कान खोटा नाही. मंद आवाजात कान खालच्या स्वरांना फार कमी दाद देतो, हे १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी मोजून दाखवले. २० हर्ट्झचा स्वर ऐकू येण्यासाठीच मुळात ७८ डेसिबलच्या आसपास दाब लागतो. चित्रपटाचे ध्वनिमिश्रण ज्या पातळीवर होते, त्यात मुख्य वाहिन्यांचे शिखर १०५ आणि खालच्या स्वरांच्या स्वतंत्र वाहिनीचे ११५ डेसिबलपर्यंत जाऊ शकते, आणि सदनिकेत आपण त्याहून वीस-पंचवीस डेसिबल खाली ऐकतो. त्यामुळे सगळी मोजणी झाल्यावर सबवूफर तीन-चार डेसिबलने वर घेणे हा अपराध नाही, ती आवड आहे. फक्त सुळके छाटलेले असावेत, म्हणजे वर घेतलेला बास सर्व स्वरांचा असेल.

माझी स्वतःची अखेरची कसोटी आलेखाची नसून डग्ग्याची आहे. तबलजी मनगटाने दाब देत डग्ग्याचा नाद खालून वर चढवतो, ती घसर जुन्या मांडणीत ऐकूच येत नसे, प्रत्येक थाप त्याच घुमाऱ्यात जाऊन पडे. डग्ग्याच्या नादाचा केवळ खालचा भाग सबवूफरकडे जातो, हे मान्य. तरी आता ती घसर सुरुवातीपासून शेवटपर्यंत कानात येते आणि ती कुठे थांबली, तेही कळते. स्फोटांच्या प्रसंगांवर बास पारखणाऱ्यांना कोणतीही पेटी कडकच वाटणार, कारण स्फोट कसा ऐकू यायला हवा हे आपल्यापैकी कोणालाच नेमके ठाऊक नसते. डग्गा मात्र आपण समोर बसून ऐकलेला असतो.

शेजाऱ्यांचा मुद्दा लेखात मुळीच नव्हता, म्हणून तो थोडा विस्ताराने मांडतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री, म्हणजे दहा ते सहा या वेळेत, ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि खासगी ध्वनियंत्रणेमुळे आपल्या जागेच्या हद्दीवर त्या मर्यादेच्या वर पाच डेसिबलहून अधिक भर पडू नये, असेही त्यात म्हटले आहे. परंतु हे सगळे आकडे 'ए' भारांकनाचे आहेत. खालच्या घराच्या शयनगृहात आपल्या सबवूफरचा ४० हर्ट्झचा आवाज ८० डेसिबल पोचला, तर नियमातील मापक तो जेमतेम ४५ दाखवील, म्हणजे कायद्याने तो मर्यादेतच राहील. कानाला मात्र ४० हर्ट्झचा स्वर पन्नास-एक डेसिबलपासूनच ऐकू येऊ लागतो, त्यामुळे त्या खोलीत झोपलेल्या माणसाच्या छातीत तो धडधडत असतो. आजींकडे मापक असता, तरी त्यांची तक्रार खरी ठरली नसती. स्लॅब आणि भिंती खालचे स्वर फारसे अडवत नाहीत आणि पेटीखाली घालायचे रबरी पाय फरशीतून जाणारी थरथर थोडी कमी करतात, पण हवेतून स्लॅबवर आदळणारी लाट ते थांबवू शकत नाहीत. खरा आराम मिळाला तो सुळका छाटल्यामुळे. पेटीची जागा आणि इक्वलायझर मिळून आमच्याकडील तो एक स्वर १२ डेसिबलने उतरला आणि आजींचे जाते थांबले. रात्री दहानंतर आम्ही रिसीव्हरचा रात्रीचा (मोठे आवाज दाबणारा) मोड लावतो, हेही खरे.

किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टी. मोजणीचा तो सरकता स्वर वाजवताना खोलीत काय काय किणकिणते, ते फिरून ऐकावे. आमच्याकडे सरकत्या खिडकीचे ॲल्युमिनियमचे पल्ले, शोकेसची काच आणि पंख्याची वरची वाटी या तिघांनी बासमध्ये आपापली भर घातली होती, रबरी पट्टी आणि स्क्रू-ड्रायव्हर यांनी ती थांबली. दुसरी गोष्ट, काही वाजत नसताना सबवूफरमधून ५० हर्ट्झची गुणगुण येत असेल, तर ती बहुधा केबल टीव्हीच्या वायरीतून अर्थिंगला दुसरी वाट मिळून तयार झालेल्या फेऱ्यामुळे येते. सेट-टॉप बॉक्सची वायर काढून पाहिली, की निदान होते. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा 'उपाय' सुचवणारे महाभाग भेटतात. तो जीवावर बेतू शकतो, कोणीही करू नये.

भिंतीवर चिकटवायचे दोन इंची स्पंजचे तक्ते 'बास ट्रॅप' म्हणून विकले जातात, त्याविषयी लेखात मौन होते. ४० हर्ट्झच्या लाटेची चतुर्थांश लांबीच दोन मीटरहून अधिक असते, तिच्यापुढे दोन इंची स्पंज म्हणजे काहीच नाही. त्याने टाळीचा प्रतिध्वनी मरतो, खोली वरच्या स्वरांना कोरडी होते आणि बास आहे तसाच राहिल्यामुळे उलट अधिक उठून दिसतो. कोपऱ्यात चार-सहा इंच जाडीचे, घट्ट रॉकवूलचे पॅनेल जमिनीपासून छतापर्यंत लावले, तर फरक पडतो, परंतु चौदा फुटी दिवाणखान्यात त्यासाठी जागा आणि गृहिणीची संमती दोन्ही मिळवणे अवघड!

मोठ्या सबवूफरला माझा विरोध नाही. बारा इंची पेटी तोच आवाज कमी ताणात देते आणि चांगली असेल, तर अधिक खालीही जाते. परंतु तेवढ्याच पैशांत दोन लहान पेट्या घेऊन त्या समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवल्या, तर दोन्हीकडून येणाऱ्या लाटा त्या दिशेच्या पहिल्या अनुनादाला परस्परच शांत करतात आणि सोफ्यावरील तिन्ही जागांवर बास बराच सारखा होतो. टॉड वेल्टी या ध्वनिसंशोधकाने २००२ मध्ये किती सबवूफर पुरेसे, याच प्रश्नावर केलेल्या अभ्यासात अशा मांडण्या पद्धतशीर तपासल्या होत्या आणि दोन किंवा चार पेट्यांपुढे फारसा लाभ उरत नाही, असे दिसून आले होते. पुढील लेखात इंचांचा तक्ता देण्याऐवजी, किंवा त्याच्या शेजारी, खोलीच्या मापांवरून अनुनाद काढण्याचा तक्ता आपण छापलात, तर वाचकांना दुकानात जाण्यापूर्वी तो भरता येईल. लागणाऱ्या गुणाकार-भागाकाराला दहावीचे गणित पुरते.

माझ्या मधल्या आसनावरील ५२ हर्ट्झचा खड्डा अजून आहे. एका सबवूफरने तो जाणार नाही, हे मी स्वीकारले आहे आणि चित्रपट लागला, की उशी घेऊन दीड फूट डावीकडे सरकून बसतो. तिथे तो निम्म्याहून कमी होतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त तंत्रनिकेतन शिक्षक, नाशिक